ओझेलने दिलेली साक्ष

माझ्या धाकट्या भावाला, ओझेल टार्व्हरला, हरणं माहीत नाही. मैदानावर तो जन्मभर हरला, ते सोडा. अंगाने काडी, दहा पावलं पळाला की धाप. शाळेच्या फुटबॉल संघात त्याला कुणी जवळ करेना, म्हणून बँडमध्ये शिरला आणि ढोल गळ्यात अडकवून कडेला उभा राहिला. पण बोलण्यात? बोलण्यात तो आमच्या आईला ऐकला नाही, पाद्रीबाबांना ऐकला नाही, मला तर कधीच नाही. गॅसचा टँकर चालवतो. थंडीच्या दिवसांत आमच्या टॅलो स्प्रिंग्ज गावाच्या आसपास घरोघरी जायचं, मागच्या अंगणातली घर तापवायच्या गॅसची टाकी भरायची आणि निघायचं, एवढंच काम. हा मात्र नळी टाकीला लावून तासभर वाद घालत उभा. आत माणसं कुडकुडतायत आणि बाहेर ह्याचं चाललंय, अमक्या साली तमक्या कॉलेजने तो खेळाडू उगाच बाहेर बसवला.

त्याची बायको बर्नडीन होती तोवर ठीक होतं. ती टेबलाखालून लाथ मारायची आणि हा गप्प व्हायचा. बर्नडीन गेली, मुलगा तिकडे ह्यूस्टनला, आणि ओझेल आपली पेटी घेऊन माझ्या मागच्या खोलीत राहायला आला. लाथ मारणारं कुणी उरलं नाही. मी मारली असती, पण माझे गुडघे आता तेवढे वर येत नाहीत.

माझं न्याहारीचं दुकान आहे, दारावर ‘व्हर्निटा’ अशी माझ्याच नावाची पाटी. अंडी, ग्रिट्स म्हणजे मक्याच्या रव्याची लापशी, शुक्रवारी तळलेला मासा. आमच्या अलाबामात फुटबॉल, म्हणजे बॉल हातात धरून पळायचा तो आमचा फुटबॉल, ऑगस्टच्या शेवटापासून नाताळापर्यंत मैदानात खेळतात आणि नववर्षापासून एप्रिलपर्यंत माझ्या खिडकीजवळच्या टेबलावर. कारण एप्रिलच्या शेवटी ड्राफ्ट. व्यावसायिक संघ कॉलेजातली पोरं एकेक करून उचलतात, फेरीमागून फेरी. पहिल्या फेरीत नाव आलं तर अख्खं घर वर येतं. शेवटच्या फेरीत आलं तर देवाची कृपा. आलंच नाही तर घरी येऊन टायरच्या दुकानात लागायचं. कुठला पोरगा कितव्या फेरीत जाणार, कोण खरा आणि कोण नुसता फुगवलेला, ह्यावर माझ्याकडे सकाळी जेवढी कॉफी खपते तेवढं पाणीही खपत नसेल. आणि दरवर्षी एक तरी पोरगा असा असतो की त्याच्या नावावर टेबलाचे दोन तुकडे होतात.

ह्या वर्षी तो पोरगा आमचाच निघाला. डेमेरियन क्रूम. मदर आयडेला क्रूम यांचा नातू. त्यांनीच वाढवला, आईबाप असून नसल्यासारखे. मदर म्हणजे आमच्या चर्चमधल्या सगळ्यात थोर बाई, पांढऱ्या टोपीत पहिल्या बाकावर बसणाऱ्या. त्यांच्यासमोर पाद्रीबाबाही आवाज खाली करतात. डेमेरियन कॉलेजच्या संघाकडून खेळायचा, बॉल छातीशी धरून पळायचा. कसा पळायचा ते मी सांगत बसत नाही, मला त्यातलं फार कळत नाही, पण तो पळायला लागला की माझ्या दुकानातली माणसं घास तोंडाशी धरून थांबायची.

आणि हाच पोरगा हंगामाचा शेवटचा मोठा सामना खेळला नाही. नववर्षाचा सामना, सगळा देश बघतो तो. आदल्या आठवड्यात निरोप आला, डेमेरियन क्रूम खेळणार नाही. कारण काही सांगितलं नाही. झालं. निम्मे म्हणाले, शहाणा आहे, ड्राफ्टच्या तोंडावर पाय कशाला मोडून घ्यायचा, हल्ली सगळेच असं करतात. निम्मे म्हणाले, मित्रांना वाऱ्यावर सोडून पळाला. टीव्हीवरची टाय लावलेली माणसंही ह्याच्यावरून एकमेकांच्या अंगावर धावायची.

माझ्या टेबलावर विरुद्ध बाजूला लामार गूच. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेला, आवाज बारीक आणि बोलणं टोचणारं. ओझेलचा तो चाळीस वर्षांचा मित्र आणि चाळीस वर्षांचा शत्रू. ओझेल अर्थातच डेमेरियनच्या बाजूने. पोरगा माझ्या डोळ्यांदेखत वाढला म्हणायचा. आणि ते खरंही होतं. मदर आयडेलांची टाकी भरायला गेला की हा त्या पोराला टँकरच्या पुढच्या सीटवर बसवून भोंगा वाजवू द्यायचा. जीव होता त्याचा त्या लेकरावर. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण पुढचं ऐकल्यावर तुम्ही माझ्या भावाला नको ते म्हणाल.

तर जानेवारीतला एक बुधवार. बुधवारी संध्याकाळी आमच्याकडे प्रार्थनेची बैठक असते. रविवारसारखा थाट नाही, गाणीबिणी नाहीत. ज्याच्या मनात जे ओझं असेल ते त्याने उठून सांगायचं आणि बाकीच्यांनी त्याच्यासाठी प्रार्थना करायची. कुणाचा दारुडा जावई, कुणाची पोटातली गाठ. बाहेर पडताना ते सगळं तिथेच ठेवून यायचं, हे कुणी कुणाला शिकवत नाही. आईच्या कडेवर असल्यापासून ठाऊक असतं.

त्या बुधवारी मदर आयडेला उठल्या. त्या कधी काही मागत नाहीत.

"माझं लेकरू नाताळभर न्हाणीघरात दिवा न लावता बसून आहे," त्या म्हणाल्या. "म्हणतो, आजी, मला तो बॉल हातात धरवत नाही. हात थरथरतात म्हणतो. मी दाराबाहेर बसून राहते, तो आत बसून राहतो. त्याला धरून ठेवा. मला एकटीला आता धरवत नाही."

म्हणून तो सामना खेळला नव्हता. पायबीय वाचवायला नव्हे. आम्ही सगळ्यांनी त्या म्हातारीभोवती गोल केला, खांद्यावर हात ठेवले. ओझेल तर लहान मुलासारखा रडत होता. आणि प्रार्थना फळली म्हणा, की पोरगा कुणा डॉक्टरशी बोलायला लागला होता त्याने म्हणा, फेब्रुवारीत तो उठला. ओढ्याकाठच्या रस्त्याने सकाळी पळताना दिसायला लागला. मार्चमध्ये संघांची माणसं बघायला आली तेव्हा असा पळाला की टीव्हीवाले पुन्हा त्याला पहिल्या फेरीत बसवू लागले. मदर आयडेलांनी रविवारी नवी टोपी घातली.

मार्चच्या शेवटी माझ्या दुकानात हॉलिस नावाचा माणूस आला. एका संघासाठी पोरं हेरत फिरतो, आमच्या भागात दर वर्षी येतो, काउंटरवर एकटा बसतो, अंडी मऊ मागतो. सगळे ओळखतात त्याला. तो आला की माझ्या टेबलावरच्या म्हाताऱ्यांचे आवाज आपोआप चढतात. जणू ह्यांच्याच सल्ल्याने संघ चालणार आहे. त्या दिवशी लामारला चेव आला.

"पळपुटा तो पळपुटाच," लामार म्हणाला. "मित्र मैदानात हाडं मोडून घेत होते आणि हा आजीच्या घरी केक खात बसला. असल्या पोराला मी असतो तर पाचव्या फेरीतही हात लावला नसता."

ओझेलने नेहमीचे सगळे मुद्दे काढले. लामारने ते एकेक करून मोडले. लामारला ते येतं, मेल्याने आयुष्यभर पोरांची गणितं चुकीची ठरवली आहेत. टेबल लामारकडे झुकायला लागलं. ओझेलचा चेहरा मला माहीत आहे. हरायला लागला की त्याचे कान आधी लाल होतात. मी कॉफीचं भांडं घेऊन मध्येच घुसले, त्याला डोळ्यांनी दटावलं. कसचं काय. तो उठून उभा राहिला. चर्चमध्ये उठतात तसा, खुर्ची मागे सारून, हात छातीवर ठेवून.

आणि त्याने सगळं सांगितलं. न्हाणीघर, अंधार, थरथरणारे हात, दाराबाहेर बसलेली म्हातारी. बॉल धरवत नाही म्हणाला ते. सगळं, मदर आयडेलांच्याच शब्दांत. आवाज असा की काउंटरपर्यंत स्पष्ट जावा. तसा जावा म्हणूनच चढवला होता, मी खोटं कशाला बोलू. शेवटी म्हणाला, एवढ्या खोल खड्ड्यातून वर आलेलं पोरगं आहे हे, आता सांग लामार, तुझ्यात आहे एवढी हिंमत?

 लामार मान खाली घालून चमचा फिरवत बसला. कुणी तरी "आमेन" म्हणालं, मग दुसरं म्हणालं, एकाने तर टेबल थोपटलं. चाळीस वर्षांत लामार गूच पहिल्यांदा गप्प झाला होता. ओझेल असा खाली बसला की कुणाला वाटावं त्यानेच बॉल मैदानाच्या टोकाला नेऊन शेवटचा टचडाउन केला. हॉलिसने अंडी संपवली, तोंड पुसलं, खाणं छान होतं मॅम म्हणाला आणि गेला.

मी ओझेलला स्वयंपाकघरात ओढलं. म्हटलं, "ते बुधवारचं होतं."

"मी चांगलंच सांगितलं ना त्याचं?" तो म्हणाला. "साक्ष दिली मी त्याची."

त्याचं म्हणणं मला कळलं, तिथेच तर सगळा घोळ आहे. आमच्या चर्चमध्ये माणूस उठतो आणि सांगतो, मी एवढा खाली गेलो होतो, चिखलात होतो, आणि मला उचललं गेलं. जेवढा खाली गेलेला, तेवढी ती साक्ष मोठी. लोक रडतात, मिठी मारतात, त्या माणसाला जास्तच मान देतात. ओझेल जन्मभर तेच ऐकत आला. त्याला वाटलं, हॉलिसही तसंच ऐकेल. अरे पण हॉलिस काय प्रार्थनेला आला होता? त्याला एकच गोष्ट ऐकू गेली: ह्या पोराला बॉल नको वाटतो. आणि असली गोष्ट एका संघापुरती थोडीच राहते. मी हे ओझेलला त्याच दिवशी बोलले. मला उपदेश करू नकोस म्हणाला आणि टँकर घेऊन गेला. पुढचे दोनचार दिवस तो गावभर सांगत होता, लामारचं तोंड कसं बंद केलं ते. काय सांगून बंद केलं ते सांगत नव्हता, म्हणजे कुठे तरी टोचत असणार.

ड्राफ्ट गुरुवारी संध्याकाळी सुरू होतो. मदर आयडेलांच्या घरी अर्धं चर्च जमलं होतं. अंगणात रिब्ज, म्हणजे बरगड्यांचं मांस, भाजत होते, मी दोन भांडी भरून घेवड्याच्या शेंगा नेल्या होत्या, कुणी कुणी केक. डेमेरियन नव्या निळ्या सुटात कोचावर, फोन गुडघ्यावर. आजी शेजारी, नातवाच्या हातावर हात. पहिली नावं आली, ती येणारच होती. मग यायला नको होती ती नावं यायला लागली. डेमेरियनहून कितीतरी खालची पोरं उठून आपापल्या नव्या संघाच्या टोप्या घालायला लागली. आणि मग टीव्हीवरचा टायवाला म्हणाला, क्रूम घसरतो आहे, संघांमध्ये कुजबुज आहे, त्याला हा खेळ मनापासून आवडतो का याबद्दलच शंका आहे म्हणतात.

 लामारने ओझेलकडे पाहिलं. माझ्या दुकानातल्या टेबलावरच्या सगळ्यांनी एकेक करून ओझेलकडे पाहिलं आणि मग आपापल्या ताटात पाहिलं.  त्याला तेव्हा कळलं. मला त्याचा राग यायला हवा होता, आलाही, पण त्याआधी मला इतकी लाज वाटली की ती भांडी तिथेच टाकून घरी निघून जावंसं वाटलं. आम्ही त्यांच्या घरात बसून त्यांचंच खात होतो.

शुक्रवारीही नाव आलं नाही. शनिवारी दुपारी लोक कमी झाले, येणारे हळू आवाजात बोलायला लागले, सुतकात बोलतात तसे. शेवटच्या फेरीतलं शेवटचं नावही संपलं. डेमेरियन क्रूम कुणालाच नको होता. थोड्या वेळाने एका संघाचा फोन आला, सरावाला ये, बघू, जागेचं वचन नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पोराने कोट काढून खुर्चीवर टाकला आणि स्वयंपाकघरात गेला. आजी त्याच्या मागे. मी आणि ओझेल मागच्या ओसरीवर उष्टी ताटं गोळा करत होतो, मध्ये फक्त जाळीचं दार.

"आजी, तू कुणाला सांगितलंस?" डेमेरियन विचारत होता. "मध्ये एका संघाने मुलाखतीला बोलावलं, तिथल्या माणसाने मला न्हाणीघराचं विचारलं. अंधारात किती वेळ बसायचास, म्हणाला. मी इतके दिवस तुला विचारलं नाही. पण तुझ्या-माझ्याशिवाय तिथे कुणी नव्हतं."

"मी फक्त देवाच्या घरात बोलले रे बाळा."

"मग देवाच्या घरात तरी कशाला बोललीस?"

  ओझेलने हातातली ताटं खाली ठेवली, पायऱ्या उतरला आणि कुणाकडे न बघता निघून गेला.

मी गेले तेव्हा तो टँकरमध्ये बसला होता. मी नको नको ते बोलले त्याला. म्हटलं, जा आत, आत्ताच्या आत्ता, सांग त्यांना. तो म्हणाला, सांगून काय होणार, नाव तर गेलं. मी म्हटलं, नाव गेलं ते गेलं, आता त्यांच्या हातून नातू जातोय, तोही घालव. तो स्टिअरिंगवर डोकं टेकून बसला. मी नुसता हरलो असतो तर काय बिघडत होतं गं, म्हणाला. हे त्याला आता सुचत होतं.

तो गेला नाही आत. रविवारी पोट दुखतंय म्हणाला. सोमवारी, मंगळवारी टेबलाकडे फिरकला नाही, मागच्या खोलीत उभ्याने कॉफी प्यायचा. टेबलही शांतच होतं. त्यातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, पण एकदा आमेन म्हटलेलं तोंड आता कुठल्या तोंडाने उघडायचं? मलाही ते जाऊन सांगता आलं असतं. मी नाही सांगितलं. ते त्याचं होतं, त्यानेच उचलायला हवं होतं.

बुधवारी मी त्याला शर्टाला धरून चर्चमध्ये नेलं. सर्वांत मागच्या बाकावर बसला. डेमेरियन सकाळीच गेला होता सरावाला. पाद्रीबाबांनी विचारलं, कुणाला काही सांगायचंय का, आणि कुणी हात वर करायच्या आत मदर आयडेला उठल्या. टोपी नव्हती डोक्यावर.

त्या म्हणाल्या, मला तुम्हा सगळ्यांसमोर माझ्या लेकराची क्षमा मागायची आहे. तो इथे नाही, तरी मागते. जे तो माझ्यापाशी दाराआडून बोलला, ते मी इथे उघड्यावर आणलं. माझ्यामुळे त्याचं नुकसान झालं. आज निघताना त्याने मला मिठी मारली, पण माझ्याकडे बघितलं नाही. माझंच चुकलं. मी म्हातारी झाले, मला तोंड आवरलं नाही.

असं त्या म्हणत होत्या आणि कुणी मान वर करत नव्हतं. मी मागे वळून पाहिलं नाही. माझ्याच्याने बघवलं नसतं, तो तसाच बसलेला असता तर. मग मागचं बाक करकरलं.

"मदर, ते मी बोललो," ओझेल म्हणाला. त्याचा आवाज मी ओळखला नसता, इतका बारीक होता. "व्हर्निटाच्या दुकानात. तो संघवाला बसला होता तेव्हा, त्याला ऐकू जाईल असं. तुम्ही नाही काही केलं. आज रात्री मी डेमेरियनला फोन करून सांगतो, की मी होतो."

मदर आयडेला हळूच मागे वळल्या. त्या रागावतील असं मला वाटलं, किंवा रडतील, किंवा आमच्यात म्हणतात तसं म्हणतील की देवाने तुला क्षमा करावी. पण त्या काही तरी समजून घ्यायचा प्रयत्न करत होत्या.

"पण का बोललात, ब्रदर ओझेल?" त्यांनी विचारलं. "कुणी विचारलं होतं का?"

"नाही, मदर. वाद चालला होता. लामार त्याला पळपुटा म्हणत होता. मी त्याच्या बाजूने बोलत होतो."

"मग जिंकलात का?"

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं, त्यांच्या लेकराच्या बदल्यात काही तरी मिळालं का ते.  लामार दुसऱ्या बाकावर होता, त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

ओझेल उभा होता, हात खाली सोडून.

"हो, मदर," तो म्हणाला. "जिंकलो."